बिल आल्यावर

बिद्रीत वर्षाला बारा महिने नसतात. दोनच असतात : बिल यायच्या आधीचा आणि बिल आल्यानंतरचा. हे बिल लाइटचं किंवा मोबाइलचं नाही, ती आपण भरतो. आमच्याकडं 'बिल' म्हणजे कारखान्याकडून येणारे उसाचे पैसे. "बिल आलं का?" असं कुणी विचारलं, तर समजायचं की समोरच्याला पैसे मिळायचे आहेत, आणि त्यातले काही विचारणाऱ्याला.

कोल्हापूरहून गारगोटीला जाताना रस्त्यावर आमचं गाव लागतं. तालुका कागल. बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते कारखान्यामुळं. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना हे त्याचं पूर्ण नाव, पण ते फक्त पावतीवर. बोलताना सगळे 'बिद्री'च म्हणतात. "ऊस कुठं घालता?" "बिद्रीला." म्हणजे गाव आणि कारखाना यांचं नाव एकच, आणि गावाचं वर्षही कारखान्याच्याच हातात.

कारखान्याची धुराडी साधारण नोव्हेंबरात पेटतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात. ज्याचा ऊस डिसेंबरात तुटला, त्याला जानेवारीच्या आसपास पैसे. ज्याचा मार्चमध्ये, त्याला एप्रिलमध्ये. त्यानंतर पुढची तोड येईपर्यंत मोठी रक्कम हातात नाही. आडसाली लागण असेल तर ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा. पण मीठ, तेल, चहापूड आणि अंगाचा साबण अठरा महिने थांबत नाहीत. दर आठवड्याला लागणारी साखर आणि वर्षातून एकदा येणारे साखरेचे पैसे यांच्या मधल्या जागेत किराणा दुकान उभं असतं. त्यातलं एक आमचं.

मी पुण्यात एका फिनटेक कंपनीत बॅकएंड इंजिनिअर आहे. वय अठ्ठावीस. मोबाइलवर काही विकत घेताना 'आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात भरा' असं बटण दिसतं ना, त्याच्यामागं जो कोड चालतो, तसला कोड मी लिहिते. माझे आजोबा हेच काम लाल कापडी बांधणीच्या वहीत करायचे, आणि वडील, म्हणजे आण्णा, अजून करतात. हा योगायोग माझ्या ध्यानात आला तो गेल्या वर्षी, आण्णांनी दुकानाचं मार्ट करायचं ठरवलं तेव्हा.

जुन्या दुकानाचा नकाशा सोपा होता. रस्त्याकडं तोंड करून लाकडी काउंटर. त्याच्या अलीकडं गिऱ्हाईक, पलीकडं आम्ही. माल सगळा पलीकडं : पोती, पत्र्याचे डबे, बरण्या, वर टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. गिऱ्हाइकानं यादी सांगायची, आण्णांनी वजन करायचं, पुडा बांधायचा आणि शेवटी विचारायचं, "लिव्हू का?" निम्म्याहून जास्त वेळा उत्तर यायचं, "लिव्हा की."

आता काउंटर दाराशी सरकलाय. मध्ये चार रांगांत रॅक, एका भिंतीला फ्रीजर, छताला दोन कॅमेरे, हातात घ्यायला लाल प्लास्टिकच्या बास्केट. बाहेर फलक आहे 'मार्ट'चा, पण गाव म्हणतं 'मॉल'. मुदाळ तिट्ट्याकडं, मुरगुडात, गारगोटीत गेल्या काही वर्षांत अशी दुकानं झाली आणि सगळ्यांना लोकांनी मॉलच म्हटलं. मी पुण्यात वाकडजवळ राहते. तिथं २०२३मध्ये फिनिक्सचा मिलेनियम मॉल उघडला. सरकते जिने, सिनेमा, हजारो लोक. आमच्या काकूला मी त्याचे फोटो दाखवले. ती म्हणाली, "हां, म्हंजे मोठा मॉल." तिच्या लेखी फरक फक्त आकाराचा. आपल्या हातानं वस्तू उचलता येते, उलटून किंमत वाचता येते, आणि नको असेल तर कुणाला न सांगता परत ठेवता येते, तो मॉल. मला ही व्याख्या एकदम पटली. सरकता जिना नंतरची गोष्ट आहे.

ही आपल्या हातानं माल उचलायची पद्धत कुठून आली? १९१६मध्ये अमेरिकेत मेम्फिस गावात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. तोवर तिथंही दुकानं आमच्यासारखीच होती. नोकर माल काढून द्यायचा, माल घरपोच जायचा, उधारी चालायची. सॉन्डर्सनं गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली आणि आत सोडलं. नोकर कमी झाले, भाव उतरले. पण त्या दुकानाचा दुसरा नियम आपण विसरतो : पैसे रोख. टोपली आत आली त्याच दारातून वही बाहेर गेली. गिऱ्हाइकाला वस्तूला हात लावायची मोकळीक मिळाली आणि त्याच वेळी 'नंतर देतो' म्हणायची सोय संपली. शंभर वर्षांनी बिद्रीतही हाच सौदा समोर आला.

आपल्याकडं मोठ्या दुकानाची गोष्ट शेठजींपासून सुरू होत नाही, कामगारांपासून होते. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८मध्ये 'अपना बाजार' सुरू केला, कारण धान्य रास्त भावात आणि नीट वजनात मिळत नव्हतं. आमच्या जिल्ह्यात वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं १९७०च्या दशकात 'वारणा बझार' उभा राहिला. साखर कारखान्याच्या आधारानं खेड्यात चालणारं सहकारी डिपार्टमेंट स्टोअर, आणि सभासदांत बायकांची संख्या मोठी. आण्णा कॉलेजात असताना मुद्दाम तो बघायला गेले होते. "कापडापासून कुकरपर्यंत सगळं एका छताखाली, आणि भाव लिहिलेला," हे ते अजून सांगतात. भाव लिहिलेला असणं ही त्या काळी बघायला जायची गोष्ट होती.

पुढची कडी अजून मजेची. राधाकिशन दमाणी यांनी २००२मध्ये पवईत पहिलं डीमार्ट काढलं. त्याआधी किराणा धंदा कसा चालतो हे शिकायला त्यांनी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवली होती. म्हणजे आज शनिवारी संध्याकाळी ज्या रांगेत आपण ट्रॉली घेऊन उभे असतो, त्या रांगेचं एक मूळ गिरणगावात आहे. डीमार्ट स्वस्त का देतं याची कारणं बरीच आहेत, पण आण्णांना त्यातलं एकच ऐकून जास्त झोंबलं : ते माल पुरवणाऱ्यांना पैसे लवकर देतात आणि त्याबदल्यात कमी दर मिळवतात.

"मला न्हाई का कळत ते?" आण्णा म्हणाले. "लक्ष्मीपुरीत रोखीचा दर वेगळा, पंधरा दिवसांचा वेगळा. माझी रोकड हाय कुठं? वहीत."

मी कागदावर हिशोब मांडला. समजा, एका घराचा महिन्याचा बाजार चार हजारांचा. आठ महिने लिहून नेला तर बत्तीस हजार. अशी साठ घरं धरली तर एकोणीस लाख वीस हजार रुपये. एवढी रक्कम आमच्यासारखं दुकान गावात फिरवत ठेवतं, तीही कागदावर एक रुपया व्याज न लावता. रॅक, फ्रीजर, कॅमेरे, कॉम्प्युटर हा सगळा खर्च त्यापेक्षा कमी होता.

अर्थात व्याज नव्हतं असं नाही. ते वहीत दिसत नव्हतं, दरात होतं. तेल दोन रुपये चढं, डाळ तीन रुपये चढी. आणि ते चढे दर रोख देणाऱ्यालाही लागायचे. शाळेतले शिक्षक महिन्याच्या एक तारखेला रोख माल न्यायचे आणि त्यांच्या नकळत कुणाच्या तरी उसाची वाट बघण्याचा खर्च भरायचे. मग कोल्हापुरात मोठी दुकानं झाली. महिन्याला पगार असणाऱ्यांनी हिशोब केला आणि रविवारी गाडी काढून तिकडं जाऊन माल भरायला सुरुवात केली. रोख देणारं गिऱ्हाईक गेलं, लिहून नेणारं राहिलं. आण्णांना मार्ट करायचं होतं ते फॅशन म्हणून नाही. दुकानात फक्त वही उरली होती.

मार्ट म्हटल्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर आलं, आणि ते निवडायचं काम माझ्याकडं. चांगलं होतं. बारकोड, जीएसटी, शिल्लक माल, सगळं नीट. मी सुट्टी काढून आले आणि वहीतली खाती त्यात भरायला बसले. नाव, मोबाइल नंबर, क्रेडिट लिमिट. पुढचा रकाना होता 'ड्यू डेज'. म्हणजे उधारी किती दिवसांत फेडायची. त्यात आधीच तीस लिहिलेलं होतं.

मी आण्णांना विचारलं, "यांचे किती दिवस टाकू?"

"बिल आल्यावर देतील की."

"आण्णा, आकडा पाहिजे. अक्षर घेत नाही ते."

"मग त्याला सांग, टोळी आली की देतील."

मला हसू आलं, पण उत्तर बरोबर होतं. त्या घराची फेडायची तारीख त्या घराच्या हातात नाहीच. कारखान्याकडं लागणीची नोंद कधी झाली, तोडीचा कार्यक्रम कसा लागला, ऊसतोडीची टोळी फडात कधी पोहोचली, पाऊस लांबून रान ओलं राहिलं का, यावर ती ठरते. तारीख म्हणजे एक घटना असते आणि सॉफ्टवेअरला आकडा हवा असतो. तो तीसचा आकडा कुणी मुद्दाम दुष्टपणे टाकलेला नाही. कुठल्यातरी शहरातल्या, महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या माझ्यासारख्याच मुलानं किंवा मुलीनं तो टाकला असणार, कारण त्यांच्या माहितीतलं प्रत्येक देणं महिन्याचं असतं. माझ्या कंपनीतल्या बटणाचंही तेच. पैसे पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला कापायचे, कारण पगार एक तारखेला होतो. या तारखेवर आमच्याकडं कधी मीटिंग झाल्याचं मला आठवत नाही. ती तारीख सगळ्यांना उघड वाटते.

गंमत म्हणजे उसाला कायद्यानं 'ड्यू डेज' आहेत. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागं ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. महाराष्ट्र सरकारनं २०२२मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती, ती राजू शेट्टी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये रद्द केली. पेपरमध्ये ही शेतकरी आणि कारखानदार यांच्यातली बातमी असते. किराणा दुकानदाराचं नाव त्यात कधी येत नाही. पण बिल पंधरा दिवस लांबलं, की त्या पंधरा दिवसांचा चहा-साखर-तेलाचा भार कुठल्या काउंटरवर पडतो, ते मी लहानपणापासून बघितलंय.

आता इथं वहीचं कौतुक करून थांबलं तर गावाकडच्या आठवणींचा आणखी एक गोड लेख होईल. वही एवढी गोड नव्हती.

पहिली गोष्ट, वही सगळ्यांना मिळायची नाही. खातं उघडायचं तर आण्णांना माहीत हवं : रान किती, पाणी कुणाचं, पोरं काय करतात, घरात पिणारं कुणी आहे का. सिबिलचा स्कोअर तीनशे ते नऊशेच्या मध्ये असतो. आण्णांचा स्कोअर त्यांच्या डोक्यात असायचा आणि त्यावर अपील नव्हतं. ज्याला रान नाही, त्याची उधारी पाचशेच्या पुढं जायची नाही. गावात रान कुणाकडं आहे आणि कुणाकडं नाही हे कशावरून ठरत आलं, ते मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि हंगामात बीडकडून येणारे ऊसतोड कामगार? ज्यांच्या कोयत्यामुळं गावाचं बिल निघतं, त्यांचं वहीत एक पान नव्हतं. मुकादमानं हमी घेतली तर टोळीच्या नावानं माल, नाहीतर रोख. चार-पाच महिने गावात राहणारी माणसं, पण वहीच्या लेखी वाटसरू.

दुसरी गोष्ट, वहीला आवाज होता. आण्णा कुणाला टोचून बोलायचे नाहीत, तरी "मागचं बाराशे हाय बरं का" एवढं वाक्य काउंटरवरच्या चार माणसांना ऐकू जायचंच. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी स्वतः कधी दुकानात यायच्या नाहीत, चिठ्ठी देऊन पोराला पाठवायच्या. आता त्या मार्टात येतात. चाळीस रुपयांचं सामान घेतात, फोन काढून स्कॅन करतात. मी एकदा बोलता बोलता विचारलं, तर म्हणाल्या, "आता कुणाच्या तोंडाकडं बघायला लागत न्हाई." स्पीकरचा डबा 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असं मोठ्यानं ओरडतो, आणि त्याची त्यांना लाज नाही वाटत. उलट बरं वाटतं.

तिसरी गोष्ट बायकांनाच कळेल. जुन्या दुकानात सॅनिटरी पॅड आतल्या कपाटात असायचे. आई ते आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची. मुली रस्त्यापलीकडं उभ्या राहून वाट बघायच्या, आण्णा जेवायला आत गेले आणि आई काउंटरवर आली की पळत यायच्या. मीसुद्धा दुकानदाराची मुलगी असून माझं पाकीट मैत्रिणीसमोर नीट घेतलेलं नाही. आता दुसऱ्या रॅकवर साबणाशेजारी ते मांडलेत. परवा सातवी-आठवीतली एक मुलगी आली. बिस्किटाचा पुडा, वही आणि पॅड बास्केटमध्ये टाकून काउंटरवर ठेवलं. आण्णांनी बारकोड मारला. कुणी कुणाकडं बघितलं नाही. मार्टानं दुसरं काही केलं नसतं, तरी एवढ्यासाठी मी रॅक लावले असते.

पण मॉलचं दारही सगळ्यांना सारखं नसतं. मुंबईत हाजी अलीला १९९९मध्ये 'क्रॉसरोड्स' उघडला, देशातल्या पहिल्या मोठ्या मॉलपैकी एक. सुरुवातीला गर्दी एवढी झाली, की आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा असा नियम लावला गेला. मोबाइल ही तेव्हा श्रीमंताची खूण होती. आज कुणी तसं विचारत नाही. आमच्या मार्टात तर कुणीही येतं. हंगामात टोळीतल्या बायका संध्याकाळी येतात, दहा-दहा रुपयांच्या पुड्या निवडून घेतात, पोराला फ्रीजरसमोर उभं करून गार हवा खाऊ देतात. जुन्या काउंटरच्या पलीकडं त्यांना कधी यायला मिळालं नव्हतं. मात्र त्या आत आल्या की काकूची नजर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर जाते. शिक्षकांच्या घरच्या आल्या तर जात नाही. मी हे काकूला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मी सगळ्यांस्नी बघतो." कोल्हापूरच्या बायका 'बघतो'च म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची थोडी फिरवून घेतली, स्क्रीन पाठीमागं जाईल अशी. ती खुर्ची आठवडाभर तशी राहिली.

मग उधारीचं काय झालं? आसपासच्या बऱ्याच मार्टांनी ती सरळ बंद केली. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तर जुनीच, आता ती छापील झाली एवढंच. माल दोन रुपयांनी स्वस्त, पण खिशात पैसे असतील तर. पैसे नसणं मात्र बंद झालं नाही. मग बायका फायनान्सच्या गटात जातात. तिथं हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला असतो, वसुलीचा साहेब मोटारसायकलवर येतो आणि एकीचा हप्ता चुकला तर दहाजणी बसून राहतात. त्या पैशातून मार्टात रोखीनं तेल घ्यायचं. तेलाच्या पिशवीवर वाचलेले दोन रुपये दिसतात, हप्त्यातलं व्याज दिसत नाही. उधारी दुकानातून गेली, पण गावातून गेली नाही. फक्त ज्याला टोळी कधी येणार हे माहीत होतं त्याच्याकडून निघून, ज्याला ऊस आणि ज्वारीतला फरक माहीत असायची गरज नाही त्याच्याकडं गेली.

वही काय कामाची होती ते दोनदा स्पष्ट दिसलं. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली, आणि आठवड्यात जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. आमच्याकडं शेतकऱ्याचं खातं जिल्हा बँकेत. पैसा आहे पण हातात नाही, अशी सगळ्या गावाची अवस्था. तेव्हा दुकान महिनाभर नुसतं वहीवर चाललं. दुसरी वेळ ऑगस्ट २०१९ची. महापुरानं शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, ट्रक अडकले, नदीकाठचा ऊस पाण्याखाली गेला. त्या वर्षी बऱ्याच घरांची फेड पुढच्या हंगामावर गेली. आण्णांनी पानं उलटून बाकी नव्या वहीत ओढली, एवढंच.

हे आठवून त्यांनी मला विचारलं, "तुमच्या त्या बटणाची तारीख पूर आल्यावर पुढं जाती का?"

"नाही. दंड लागतो. स्कोअर खाली येतो."

"मग ती उधारी न्हवं बाळ. ते नुसतं कर्ज."

मला यावर बोलायला सुचलं नाही असं नाही. कर्जाला नियम असतो, तो माणूस बघून बदलत नाही, ज्याला आण्णांनी पाचशेच्या पुढं दिलं नसतं त्याला माझं बटण दहा हजार देतं. हे मी बोललेही. आण्णांनी मान हलवली. दोघांचंही खरं होतं, आणि त्यामुळं पुढचं काम अवघड होतं.

शेवटी आम्ही असं केलं. नोकरदारांची खाती सॉफ्टवेअरमध्ये, तीस दिवसांची. उसावर चालणाऱ्या घरांसाठी मी दोन शनिवार-रविवार बसून एक साधं वेबपेज लिहिलं. त्यात फेडायची तारीख हा रकानाच नाही. लागणीची तारीख आहे आणि एक चौकोन आहे : 'तोड झाली'. त्या चौकोनात टिक केली, की तिथून एकवीस दिवसांनी आठवण येते. चौदा कायद्याचे, सात बँकेत हेलपाटे घालायचे. पूर आला, टोळी नाही आली, तर चौकोन रिकामा राहतो आणि पेज गप्प बसतं. काकू ते फोनवर वापरते. आण्णा वहीच वापरतात आणि रात्री काकूच्या फोनशी ताडून बघतात.

दुसरा बदल आण्णांनी केला, आणि तो जास्त धाडसाचा होता. रॅकवर दोन दर लावले. रोख घेणाऱ्याला सवलतीचा, खात्यावर घेणाऱ्याला छापील. खात्यावर फक्त धान्य, तेल, साखर, चहा, साबण. चॉकलेट आणि कोल्ड्रिंक रोख. इतकी वर्षं दरात लपलेलं व्याज पहिल्यांदा पाटीवर आलं. माझ्या मते हे प्रामाणिक होतं. पण प्रामाणिकपणा सगळ्यांना आवडतोच असं नाही. आण्णांचे एक वर्गमित्र, ज्यांचं खातं आजोबांच्या काळापासूनचं, पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. "म्हंजे आमच्याकडनं जादा घेतोस?" आण्णांनी समजावून सांगितलं, की पूर्वीही घेतच होतो, आता फक्त दिसतंय. त्यांनी ऐकून घेतलं. बिल आल्यावर एका दिवसात सगळी बाकी चुकती केली, पान रद्द करायला लावलं आणि आता ते दुसऱ्या मार्टात रोखीनं माल भरतात. येता-जाता हात करतात. दुकानात येत नाहीत. आण्णा त्यावर काही बोलले नाहीत, पण त्यांचं पान त्यांनी रेघ मारून कोरं ठेवलंय, दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

पुण्यात मी रात्री साडेदहाला ब्रेड मागवते आणि तो दहा-पंधरा मिनिटांत येतो. कुठल्यातरी बंद शटरमागच्या गोदामातून, जिथं गिऱ्हाइकानं जायचंच नसतं. काउंटर गेला, मग रॅकही गेले, आता दुकानच दिसेनासं झालं. ॲप मला न विचारता माझी मर्यादा वाढवतं आणि अभिनंदन करतं. त्याला माझा पगार कळतो, पिनकोड कळतो, मी रात्री काय खाते तेही कळतं. दुकानदारानं गिऱ्हाइकाची माहिती ठेवणं काही नवीन नाही, आण्णाही ठेवायचे. माझा प्रश्न एवढाच असतो, की ती माहिती वापरून अडचणीच्या वेळी तारीख पुढं ढकलता येते, की फक्त मर्यादा वाढवता येते. ऑफिसात मी एक प्रस्ताव मांडलाय : हंगामी उत्पन्न असणाऱ्यांना फेडीची तारीख स्वतः निवडू द्यावी. मॅनेजरनं विचारलं, असे वापरणारे किती आहेत? मी आकडे काढतेय.

साठ खात्यांची आता अडतीस राहिलीत. काही आण्णांनी बंद केली, काही लोकांनी. रोखीचं गिऱ्हाईक परत यायला लागलंय, शिक्षकांपैकी दोघं पुन्हा महिन्याचा माल आमच्याकडं भरतात. हंगाम सुरू आहे, रात्री उसाच्या ट्रॉल्यांची रांग दुकानावरून जाते आणि सकाळी दारात पाचट पडलेलं असतं. काल काकूच्या फोनवर बघितलं : अडतीसपैकी सतरा चौकोनांत टिक झालीय. अजून एकवीस घरांची तोड व्हायची आहे. फ्रीजर आम्ही कर्जावर घेतलाय, आणि त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.